‘तांदळात ठेवली, चालली की!’ : पाण्यात पडलेल्या ड्रोन-बॅटरीवरून

वेदगंगाकाठ
आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या ऊस फवारणीवाल्यांच्या गटात काल एकानं फोटोसकट टाकलंय: ‘ड्रोन नदीत पडला. बॅटरी दोन दिवस तांदळात ठेवली, झकास चालतेय. कंपन्या उगीच घाबरवतात.’ खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसवेना म्हणून इथं लिहितोय.

तांदूळ कवचाच्या आत शिरून बीएमएसवरचं, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डावरचं, पाणी पितो काय? पाणी उडून जातं, क्षार तिथंच बसतो. आणि आपल्या ड्रोनला नुसतं नदीचं पाणी कुठलं लागायला? टाकीतलं 19:19:19 खताचं पाणी पण सांडतं. तो थर हवेतला ओलावा ओढतो, पट्ट्यांमधनं बारीक करंट गळत राहतो, तांबं हिरवं पडतं आणि एखादा सेल गुपचूप खाली बसतो. मीटरला पॅकचे एकूण व्होल्ट बरे दिसले म्हणून भागत नाही. सहा सेलच्या पॅकमध्ये एक 3.4 ला आणि बाकीचे वर असतील, आणि बीएमएसला ते कळेनासं झालं असेल, तर चार्जर चांगल्या सेलना 4.2 च्या पुढं रेटणार. पेटतं ते तिथं.

डीजेआय या ड्रोन कंपनीच्या पुस्तिकेत सरळ आहे: पाण्यात पडलेली बॅटरी मोकळ्या जागी ठेवा, वाळेपर्यंत लांब राहा, परत वापरू नका. आणि आमचे निपाणीवाले तीच बॅटरी तंबाखूच्या वखारीत चार्जिंगला लावतात!

शॉर्टसर्किट_खानापूर
पुस्तिका लिहिणाऱ्याला नवी बॅटरी विकायची असते, एवढं तरी ध्यानात घ्या. सगळ्या बॅटऱ्या एका मापानं मोजू नका. स्मार्ट बॅटरीत बोर्ड असतो, तिथं तुमचं खरं. पण साध्या लिपोला (लिथियम पॉलिमर बॅटरीला) बोर्डच नाही. पाऊच सीलबंद, बाहेर दोन वायरी आणि एकेक सेल वेगळा मोजायची बॅलन्स लीड. माझी एक मलप्रभेत पडली होती. लगेच काढली, डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, मग पंख्याखाली. प्रत्येक सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विरोध) आधी लिहून ठेवलेला होता, नंतर तेवढाच आला. अजून उडवतोय. एका बॅटरीच्या पैशात अर्धी म्हैस येते ओ, भीतीपोटी कचऱ्यात घालू?

वेदगंगाकाठ
रेझिस्टन्स आधी लिहून ठेवणारा अख्ख्या तालुक्यात तुम्ही एकटे असाल. बाकीचे उन्हात पत्र्यावर वाळवतात, त्यांना काय सांगणार? एक बॅटरी वाचली हा पुरावा नव्हे. फ्लोरिडात 2022 मध्ये इयान वादळानंतर पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या नंतर पेटल्या, काही तर कितीतरी दिवसांनी. तोवर मालकांना वाटत होतं, काय झालं नाही.

शॉर्टसर्किट_खानापूर
तिथं समुद्र घुसला होता. खारं पाणी. आमच्या मलप्रभेला समुद्र कधी भेटला?

अथणीची_सून
भाऊ, धुणं-वाळवणं राहू दे, भिजलेली बॅटरी परत द्यायची कुणाला ते सांगा. आमच्या बचत गटाला ड्रोन मिळालाय. विक्रेता म्हणतो पाणी वॉरंटीत बसत नाही, जुनी घेऊन जाणं आमचं काम नाही. 2022 च्या बॅटरी-कचरा नियमांत उत्पादकानं परत घ्यायची जबाबदारी आहे म्हणे. विचारायला फोन लावला तर पलीकडून सगळं कानडीत. माझं माहेर जत. बोललेलं समजतं, पण कागद वाचता येत नाही.

कोगनोळीकर
हेच! आमचा सातबारा नाही, कानडी उतारा. अर्ज कानडीत, प्रशिक्षणाची चिठ्ठी कानडीत, सूचना इंग्रजीत. ‘नमो ड्रोन दीदी’ ही बायकांच्या बचत गटांना ड्रोन द्यायची केंद्राची योजना, किमतीच्या 80 टक्के, 8 लाखांपर्यंत मदत. मग मराठी बाईला मराठी कागद द्यायला कुणाचं पोट दुखतं?

गोकाकचा_पोरगा
तीन पिढ्या इथं राहून कानडी वाचता येत नाही, हे अभिमानानं सांगायची गोष्ट झाली काय? मी मराठी शाळेत शिकलो, बाजारात कानडी शिकलो. माझं एक काम अडलं नाही.

कोगनोळीकर
तुमचं नाही अडलं, म्हणून कुणाचंच अडत नाही? अल्पसंख्याक भाषेत कागद मागणं हा हक्क आहे, भीक नाही. तुम्ही बाजारात शिका नाहीतर आणि कुठं.

गोकाकचा_पोरगा
हक्काचं म्हणता तर 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय. निकाल लागेस्तोवर बॅटरी नक्की वाळेल. होगली बिडरी, जाऊ द्या ओ.

कोगनोळीकर
थट्टा करा. सीमाप्रश्नाच्या मोर्चात लाठ्या खाल्लेले माझे काका असते तर असं बोलला नसता.

वेदगंगाकाठ
दोघांनी वेगळा धागा काढा ओ. इथं आग लागायचा प्रश्न चाललाय.

अथणीची_सून
लागलीच होती. दिरानं भिजलेली बॅटरी गोठ्यात चार्जिंगला लावली. आठवडा उलटून गेलेला, बाहेरनं कोरडीठाक. आधी गोडसर उग्र वास आला, मग कुशीत फुगली, आणि दावं कापून जनावरं बाहेर काढायला जेमतेम वेळ मिळाला. पाणी ओतलं की विझल्यागत व्हायची, परत भडकायची. चालते म्हणणाऱ्यांनी येऊन तो पत्रा बघावा.

शॉर्टसर्किट_खानापूर
स्मार्ट होती ना? मग तेच म्हणतोय मी. बोर्डवाली टाकून द्या. खताचं पाणी लागलेली टाका. फुगलेली किंवा गरम लागणारी तर हातातही घेऊ नका. एवढं कबूल, आता हार घाला मला. पण गोड्या पाण्यात पडून लगेच निघालेली साधी लिपो पहिले चार-सहा चार्ज अंगणात, वाळूच्या बादलीत, समोर बसून करा आणि सेलमधला फरक बघत राहा. तो वाढत गेला की संपलं.

तांदूळवाला
मीच तो, अंगठेवाला. एवढे विद्वान माझ्या एका बॅटरीवर बसलेत, धन्य झालो. बरं, टाकतो. नवीन कोण देणार तेवढं सांगा. आणि रिकामी कशी करू? मिठाच्या पाण्यात बुडवू?

वेदगंगाकाठ
अजिबात नको. मिठानं टोकं आधी कुजतात, आत चार्ज तसाच राहतो. फुगलेली नसेल तर ट्रकचा 24 व्होल्टचा बल्ब जोडा, बाहेर, आणि लांब थांबा. फुगलेली असेल तर जोडायच्या भानगडीत पडू नका, वाळूत ठेवा.

तांदूळवाला
बल्ब आहे. तांदूळ घरच्यांनी शिजवून खाल्ला, त्याचं काय?