सगळी हत्यारं एकाच कंपनीची असावीत का?

वडिलांची अख्खी नोकरी नाशिकला सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये गेली. त्यामुळे आमच्याकडे ड्रिल, जिगसॉ सगळं बॉशचं निळंच, १८ व्होल्टच्या बॅटरीचं. आता सागाच्या दारांसाठी राउटर (लाकडाच्या कडा, खाचा कोरायचं यंत्र) घ्यायचाय आणि मकिता कंपनीचा हातात फार छान बसला. पण वडिलांना वाईट वाटेल, ही रुखरुख आहे. काय करू?

उत्तर १: दादा, सातपूरला डिझेल इंजिनाचे भाग बनतात, राउटर नाही. बॅटरीचा मात्र विचार करा. दोन्ही १८ व्होल्टच्या असल्या तरी एकीची दुसरीत बसत नाही, चार्जरही वेगळा. वायरचा घ्या, प्रश्नच मिटला.

उत्तर २: पंचवटीत ४० वर्षं सुतारकाम करतोय. पटाशी घेताना तर नाव बघूच नका. एका नावाजलेल्या कंपनीची पटाशी बाभळीच्या गाठीवर पहिल्याच दिवशी तुटली, धारेला नखाएवढी खाच पडली. आजोबांनी लोहाराकडून घडवून घेतलेली अजून रोज चालते. दगडावर घासताना तिचा आवाजच वेगळा येतो. राउटर हाताला बसतो तोच घ्या. वडिलांना दुकानात सोबत न्या, त्यांनाही धरून बघू द्या.

मूळ प्रश्नकर्ता: रविवारी नेतो त्यांना. वायरचाच बघतो. दाराच्या कडांना ६ मिलिमीटरची कॉलेट (राउटरचं पातं धरणारी पकड) पुरेल ना?

उत्तर २: कडा गोल करायला पुरेल. कुलपाच्या खोल खाचेला १२ची लागेल.