एकाच वर्षी चौथी आणि पाचवी, दोघांचीही शिष्यवृत्ती: मदत हवी आहे

येरळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी थोरली पाचवीत आहे आणि धाकटा चौथीत. आजवर शिष्यवृत्ती म्हणजे पाचवी आणि आठवी एवढंच आम्हाला ठाऊक. थोरलीचा फॉर्म शाळेनं भरलाय, तिची परीक्षा फेब्रुवारी २०२६ मध्ये आहे आणि तयारीही बरी चालू आहे. मध्येच ऑक्टोबर २०२५ मध्ये शासन निर्णय आला की परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायची. मात्र हे बदलाचं वर्ष, म्हणून यंदा (२०२५-२६) चारही वर्गांची होणार: पाचवी-आठवी फेब्रुवारीत, चौथी-सातवी एप्रिल-मेमधल्या एखाद्या रविवारी. म्हणजे आमच्या घरातली दोन्ही पोरं एकाच वर्षी बसणार.

आम्ही वडूजच्या बाजूला एका गावात राहतो. धाकट्याची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, दोन शिक्षकांची. दोघंही शिक्षक मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. पण दोघंही अलीकडचे. त्यांच्या नोकरीत चौथीला शिष्यवृत्ती कधी नव्हतीच. मुलं पाचवीला वडूजच्या हायस्कुलात जायची आणि तिथं बसायची. परवा मॅडम मला म्हणाल्या, "ताई, आम्हीही तुमच्यासारखेच शोधतोय."

वडूजला पुस्तकाच्या दुकानात 'चौथी शिष्यवृत्ती, नवीन' असं छापलेलं मार्गदर्शक मिळालं, ते घेऊन आले. घरी उघडलं तर गणिताच्या सुरुवातीलाच रोमन संख्याचिन्हं. धाकट्याच्या पुस्तकात ती कुठंच नाहीत. थोरलीच्या पाचवीच्या गणितात मात्र पहिलंच प्रकरण तेच आहे. जुन्या पुस्तकाचं कव्हर बदलून विकलंय असं दिसतंय. शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त वाईट याचं वाटतं, की पोरगं ते घेऊन बसलं आणि "आई, मला हे येत नाही" म्हणून रडवेलं झालं.

दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकेची. थोरलीच्या सरावाची एक ओएमआर शीट त्याला देऊन बघितली. जीभ बाहेर काढून, कडेबाहेर शाई जाऊ नये म्हणून एकेक गोल इतका घोटतो की पाच गोल रंगवेपर्यंत माझा चहा उकळून होतो. एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं. याचं जमायचं कसं?

आणि एप्रिल. वार्षिक परीक्षा, ती शासनाची संकलित चाचणी, वर शिष्यवृत्ती. आमच्याकडं एप्रिलमध्ये दुपारी बारा-एकला बाहेर बघवत नाही. गावची यात्राही त्याच सुमारास असते, घर पाहुण्यांनी भरतं. वडूजचा एक क्लासवाला म्हणतो, दोघांनाही पाठवा. धाकट्याला रोज एसटीनं पाठवायचं माझ्या जिवावर येतं.

माझे प्रश्न: चौथीची तयारी नेमकी कशावरून करावी? क्लासची खरंच गरज आहे का? धाकट्याला यंदा बसवलं नाही तर पुढच्या वर्षी पाचवीला संधी मिळेल का? आणि या सगळ्या परीक्षांत कुठली कशासाठी असते, हे कुणी सरळ सांगेल का? शाळेतून येणारे मेसेज वाचून माझा गोंधळच वाढतो.

---

फळाखडू

ताई, मी कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. चौथीची शिष्यवृत्ती म्हणजे आमच्या पिढीच्या शिक्षकांचा जीव होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा तिसरा प्रश्न, कारण त्याला मुदत आहे. पाचवीची परीक्षा यंदा शेवटची. पुढच्या वर्षापासून फक्त चौथी आणि सातवी. धाकट्याची ही संधी हुकली तर थेट सातवीला. त्यामुळे बसवायचं असेल तर यंदाच. थोरलीला फेब्रुवारीत पाचवीची देता येईल आणि दोन वर्षांनी सातवीचीही.

ही परीक्षा मुळात चौथी-सातवीलाच होती. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली, त्याला जुळवून घ्यायला २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली. कागदावर ते बरोबर होतं. पण आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळा बहुतेक चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत. मूल आमच्याकडं चार वर्षं शिकणार आणि परीक्षेला बसणार दुसऱ्या शाळेतून. सकाळी लवकर येऊन, सुट्टीच्या दिवशी वर्ग उघडून शिष्यवृत्तीचे जादा तास घ्यायची जी रीत गावोगाव होती, ती त्यामुळे थंडावली. जिल्हा परिषदेच्या मुलांचा सहभाग घटला आणि शेवटी शासनाला निर्णय फिरवावा लागला. मला विचाराल तर हा बदल योग्यच आहे. फक्त तो वर्षाच्या मध्यात आला आणि त्याचा भार तुमच्या दोन शिक्षकांसारख्यांवर पडला.

आता तयारी. पेपर दोन. पहिल्यात प्रथम भाषा ५० गुणांना आणि गणित १०० ला. दुसऱ्यात इंग्रजी ५० आणि बुद्धिमत्ता चाचणी १०० ला. एकूण ३००. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के मिळाले तर मूल पात्र ठरतं, शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतल्यांनाच. चौथीला वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. सातवीला ७,५००.

ते मार्गदर्शक बाजूला ठेवा. पेपर चौथीपर्यंतच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणून तिसरी आणि चौथीची बालभारतीची पुस्तकं हाच पाया. मराठीच्या प्रत्येक धड्यातून समानार्थी, विरुद्धार्थी शब्द, लिंग, वचन, वाक्प्रचार त्याच्याकडूनच काढून घ्या. उतारा रोज एक, मोठ्यानं वाचून. गणितात पाढे तोंडपाठ असले की निम्मा वेळ वाचतो. बुद्धिमत्तेला मात्र वेगळा सराव लागतो: संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, आरशातली प्रतिमा, नातेसंबंध, गटात न बसणारा शब्द. हे प्रकार थोरली करतेच आहे. फेब्रुवारीनंतर ती मोकळी झाली की भावाला शिकवू द्या. तिचंही पक्कं होईल.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चौथीच्या प्रश्नपत्रिका कुणाकडं मिळाल्या तर घ्या, पण एक ध्यानात ठेवा. तेव्हा तीन पेपर असायचे आणि रचना वेगळी होती. त्यातले गणिताचे आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न सरावाला घ्यावेत, पेपरचा साचा म्हणून त्याकडं बघू नये. साचा बघायला पाचवीच्या अलीकडच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि त्यातले सोपे प्रश्न निवडून द्या.

---

कृष्णाकाठची आई

मी वाळवा तालुक्यातली. माझा मुलगा गेल्या वर्षी पाचवीला बसला होता. गोल रंगवायचं सांगते, कारण आमच्याकडंही हीच अडचण होती.

पेन बदला. बारीक टोकाच्या पेननं गोल भरायला फार वेळ लागतो. परीक्षेत निळं किंवा काळं बॉलपेन चालतं, तर जरा जाड टोकाचं, थोडं वापरून सैल झालेलं बॉलपेन द्या. गोल बाहेरून आत घोटायचा, दोन-तीन फेऱ्यांत झाला पाहिजे. कडेला जरा शाई गेली तरी हरकत नाही, पण शेजारच्या गोलाला लागता कामा नये. एकदा रंगवलेला गोल खोडता येत नाही, म्हणून आधी प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलनं बारीक खूण आणि मगच गोल.

दुसरं, सगळे प्रश्न सोडवून शेवटी गोल भरायचे असं मुळीच करू देऊ नका. लहान मुलं एक प्रश्न सोडतात आणि पुढचे सगळे गोल एक घर सरकतात. आमच्याकडं सरावात असं झालं होतं. पाच प्रश्न झाले की पाच गोल, आणि दर वेळी प्रश्न क्रमांकावर बोट. सरावाला महागड्या शीट लागत नाहीत. एक शीट झेरॉक्स करून आणा, रोज दहाच गोल.

---

शाळेवरून

मी सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. ताईंनी विचारलेला गोंधळ आमच्या पालकसभेतही दर वेळी असतो, म्हणून लिहितो.

शिष्यवृत्ती घेते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे. ती ऐच्छिक आहे. फॉर्म पालकांना परस्पर भरता येत नाही, मुख्याध्यापकच शाळेच्या लॉगिनमधून भरतात. शुल्क खुल्या गटाला २०० रुपये, मागासवर्गीय आणि दिव्यांग मुलांना १२५. नाव, जन्मतारीख, माध्यम हे फॉर्म पाठवण्याआधी मुख्याध्यापकांकडं बसून एकदा डोळ्यांखालून घाला. नंतर दुरुस्तीसाठी फार पळापळ होते.

पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन हे वेगळं. ते एससीईआरटीचं, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांची प्रश्नपत्रिका राज्यभर एकच येते आणि गुण आम्ही चॅटबॉटवरून विद्या समीक्षा केंद्राला भरतो. वर्ग कुठं मागे आहे, ते कळायला ती चाचणी असते. तिच्यासाठी मुलांचा वेगळा अभ्यास घेऊ नका, आम्हीही घेत नाही.

२०२५ च्या एप्रिलपासून आणखी एक बदल झालाय. पूर्वी प्रत्येक शाळा आपल्या सोयीनं वार्षिक परीक्षा लवकर आटोपायची आणि मग एप्रिलमध्ये वर्ग ओस पडायचे. म्हणून एससीईआरटीनं पहिली ते नववीचं वेळापत्रक सगळ्या शाळांना एकच करून दिलं आणि त्या वर्षी परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशी चालली. उन्हामुळं पालक आणि शिक्षक दोघांनीही विरोध केला होता. तेव्हा यंदाही एप्रिलची शेवटची तारीख शाळेकडून कळल्याशिवाय गावाला जायचं ठरवू नका.

आणि थोरलीसाठी महत्त्वाचं. पाचवीची वार्षिक परीक्षा आता नुसती हजेरीची राहिलेली नाही. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानुसार पाचवी आणि आठवीला पास व्हावं लागतं, प्रत्येक विषयात ३५ टक्के. नापास झाल्यास जूनमध्ये फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. शिष्यवृत्तीच्या नादात परिसर अभ्यास मागे पडलेली मुलं मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीत तो विषय नाही, वार्षिकला आहे.

क्लासबद्दल: चौथीच्या मुलाला रोज एसटीनं पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

माणदेशी

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराला एप्रिलच्या उन्हात दोन पेपर द्यायला बसवायचंच कशाला? पाचवीला आला की नवोदयची परीक्षा, सैनिक स्कूलची परीक्षा आहेच. खावलीचं नवोदय आणि साताऱ्याचं सैनिक स्कूल दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. चौथीत त्याला खेळू द्या.

---

फळाखडू

माणदेशी, तुमची काळजी रास्त आहे. जबरदस्तीनं कुणालाच बसवू नये. पण नवोदयलाही गणित, भाषा आणि बुद्धिमत्ता हेच विषय आहेत. चौथीत अर्धा-पाऊण तास सराव झालेलं मूल पाचवीत त्या परीक्षांना घाबरत नाही. आमच्या वाडीवस्तीवरच्या मुलांना आपण साताऱ्याच्या मुलांच्या बरोबरीचे आहोत, हे पहिल्यांदा या परीक्षेनंच दाखवलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

बोरनदी

धागा चांगला आहे. मी जत तालुक्यातून. आमच्याकडं कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. शिष्यवृत्तीचा पेपर कन्नडमध्येही असतो, पण चौथीचं सरावाचं साहित्य बाजारात मराठीतच दिसतंय. कुणाकडं काही आहे का?

---

शाळेवरून

बोरनदी, परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका माध्यमानुसार बघा. पाचवीच्या कन्नड माध्यमाच्या घेऊन त्यातून सोपे प्रश्न निवडता येतील. बुद्धिमत्तेतले आकृत्यांचे प्रश्न कुठल्याही माध्यमाचे चालतात.

---

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचं वाचून धीर आला. माणदेशी दादा, तुमचंही पटतं, म्हणून धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, ताई बसणार तर मीही बसणार. तेव्हा बसवतेय. क्लास नाही. फेब्रुवारीपर्यंत त्याचे पाढे, रोज एक उतारा आणि दहा गोल, एवढंच. थोरलीची परीक्षा झाली की बुद्धिमत्ता तिच्याकडं. तिच्या परिसर अभ्यासाचं कुणी सांगितलं नसतं तर माझ्या लक्षातच आलं नसतं.

मॅडमना हा धागा वाचून दाखवला. शाळेत चौथीची अकरा मुलं आहेत, सगळ्यांनाच बसवावं असं त्या म्हणतायत. गुरुजी, एक विचारू का? तुमच्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले बुद्धिमत्तेचे प्रश्न झेरॉक्सला मिळतील का? आमच्या मॅडम रहिमतपूरहून रोज येतात, तिथून घेऊन येतील.

---

फळाखडू

ताई, मिळतील. पेटीत ठेवलेल्या आहेत, काढून ठेवतो. मॅडमना रविवारी सकाळी यायला सांगा, पत्ता निरोपातून कळवतो. त्यांना तास दोन तास वेळ असेल तर दिशा आणि सांकेतिक भाषा चौथीच्या मुलांना कशी शिकवायची तेही दाखवीन. अकरा मुलं म्हणजे चांगला वर्ग झाला.