मॅन्युअल वाचणारे रिकामटेकडे? मग हे ऐका

पलासियाकर
परवा आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "गाडीबरोबर येतं ते पुस्तक वाचायला माणूस रिकामा लागतो, गाडी चालवता येते ना, बाकी मिस्त्री बघून घेतो." खाली अंगठ्यांची रांग. तिथे गप्प बसलो, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितो.

मागच्या डिसेंबरात आईला घेऊन सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो होतो. रात्री साडेअकराला राजवाड्याजवळच्या पार्किंगमध्ये परत आलो तर रिमोट मेलेला. दार उघडेना. आईचे गुडघे गेलेले, ती बिचारी कठड्यावर बसून राहिली, हातात गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, दोना गार होत होता. ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला "भिया, सेन्सर उड़ गया, उठवानी पड़ेगी." गाडी उचलून न्यायचे २,२०० रुपये गेले, आई रिक्षाने घरी. दुसऱ्या दिवशी मॅन्युअल उघडलं तर अर्ध्या पानात चित्रासकट दिलंय, रिमोटच्या कडेचा खटका दाबला की आतून साधी चावी निघते, तिने दार उघडा, मग रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा, ब्रेक दाबा, गाडी सुरू. आत फक्त बटणाएवढा सेल संपला होता.

मिस्त्री वाईट नाही हो, पण तो दिवसाला दहा कंपन्यांच्या गाड्या बघतो, माझ्या गाडीचं सगळं त्याला पाठ कसं असणार? ते मला माहीत असायला हवं होतं.

महूकर
दादा, आईंचे हाल झाले ते वाईटच, पण एका रात्रीवरून सगळ्यांना अडाणी ठरवू नका. माझ्या गाडीचं पुस्तक चारशे पानांचं आहे, त्यात दर पानावर "इशारा" आणि "तुमच्या मॉडेलमध्ये असल्यास". माझं बेस मॉडेल, म्हणजे निम्मं पुस्तक माझ्या गाडीत नसलेल्या गोष्टींचं. भाषा कोर्टाच्या नोटिशीसारखी. हे ग्राहकाने वाचावं म्हणून लिहिलेलं नाही, उद्या काही झालं तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणता यावं म्हणून लिहिलंय. माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं अँबेसेडर चालवली, एक पान वाचलं नाही, मानपूरचा घाट शंभरदा उतरले असतील.

सुदामानगरची मावशी
महूकर, अँबेसेडरमध्ये एअरबॅग होती का? माझ्या नातवाला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जावई त्याची सीट पुढे, तोंड मागे करून बसवत होता. सूनबाईने सावलीची झडप खाली केली, त्यावर चित्र होतं, लाल काट मारलेलं. एअरबॅग फुटली तर ती बाळाच्या सीटच्या पाठीवरच आदळते. मॅन्युअलमध्ये त्यावर अख्खं पान आहे. आणि आमच्याकडे आज्या पुढे बसून मांडीत बाळ घेतातच, मीही घेतलंय, आता नाही घेत.

मला राग आहे तो शोरूमवाल्यांचा. डिलिव्हरीला हार घातला, नारळ फोडला, केक कापला, फोटो काढले, दीड तास गेला. मागच्या सीटला बाळाची सीट अडकवायचे हुक कुठे आहेत हे विचारलं तर पोरगा म्हणाला "मॅडम यूट्यूब पे देख लेना."

एबी रोड २०१७
सगळे मॅन्युअल वाचा म्हणताय ना, मी वाचलं. माझी २०१७ ची पेट्रोल. त्यात स्वच्छ लिहिलंय, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं चालेल ते १० टक्क्यांपर्यंत. आता विजयनगरपासून राऊपर्यंत कुठल्याही पंपावर जा, २०च मिळतं. वाचून काय करू, पुस्तक पंपावाल्याला दाखवू? २० टक्क्यांना चालणारं सामान नव्या गाड्यांना लागलं ते एप्रिल २०२३ पासून, त्याआधीचे आम्ही कुठे जायचं?

गणितमास्तर
झालं, आलं इथेनॉल. अहो विषय काय, तुम्ही बोलताय काय. या २० टक्क्यांविरुद्ध कोर्टात गेले होते ना लोक, सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली. अॅव्हरेज पडलं म्हणणाऱ्यांनी आधी टायरची हवा बघा.

एबी रोड २०१७
मास्तर, हवा दर पंधरवड्याला बघतो, मला शिकवू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे तुमच्याच गणितात बसतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे, १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीत २० टक्क्यांवर अॅव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के घट. याचिका फेटाळली म्हणून माझे रबरी पाइप नवे झाले का?

गणितमास्तर
आवाज चढवू नका. ६ टक्के म्हणजे पंधराच्या जागी चौदा. तुम्ही असं बोलताय जणू इंजिन गळून पडलं.

एबी रोड २०१७
रोज देवास जाऊन येतो मी, ७० किलोमीटरच्या वर. लिटरमागे एक किलोमीटर वर्षाचं काय होतं ते काढा. पगार तुम्ही देणार आहात का?

डिझेलवाला राऊ
भांडण जरा बाजूला ठेवा. बीएस ६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची डिझेल गाडी घेतली आणि रोज घर ते भंवरकुआं, एवढीच छोटी चक्कर. काजळीच्या फिल्टरचा दिवा लागला, मला वाटलं सर्व्हिसला दाखवू निवांत. तीन आठवड्यांनी गाडीने ताकदच सोडली, फिल्टर साफ करायचं बिल पाच आकडी. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर एका वेगात थोडा वेळ चालवा, काजळी आतल्या आत जळते. महूपर्यंत एक चक्कर, बस. विकताना कुणी विचारलंही नाही की रोज किती चालवता.

पलासियाकर
एबी रोड, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पुस्तकात एक आणि पंपावर दुसरंच, यात मालकाची काही चूक नाही. पण तुम्ही ते पान वाचलंत म्हणून तर इतकं ठामपणे भांडताय. न वाचणारा नुसता "गाडी पहिल्यासारखी नाही" म्हणत मिस्त्रीकडे चकरा मारतो.

महूकर, भाषेचंही मान्य. हिंदीत छापा, जाड अक्षरात छापा, आता तर काही ठिकाणी नुसता क्यूआर कोड चिकटवून देतात, माझ्या वडिलांनी तो काय करायचा? पण म्हणून चारशे पानं कुणी वाचायला सांगत नाहीये. दिव्यांचं पान, टायरचं पान, रिमोटचं पान, टो करायचा हुक कुठे लावायचा ते पान. एवढं एका दुपारी होतं.

महूकर
तुमचा हट्ट काही सुटणार नाही. आत्ता खाली जाऊन डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढलं, अजून प्लॅस्टिकमध्ये होतं. टायरचं पान बघितलं, मग ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकरही बघितला. हवा ३३ पीएसआय लिहिलीय, तेही टायर गार असताना. आमच्या कोपऱ्यावरचा हवावाला चार वर्षं ४० भरतोय, "गर्मी है भिया" म्हणून. मधली पट्टी कडेपेक्षा जास्त झिजलीय, आत्ता टॉर्च लावून बघितली.

बाकी पुस्तक वाईटच लिहिलंय, यावर मी ठाम आहे.

सुदामानगरची मावशी
उद्या सकाळी गाडी बाहेर काढायच्या आत हवा बघा. आणि स्टेपनीचीही.