शिष्यवृत्ती निधी : फीचे पैसे की मेसचे?

परदेशातील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी आपण जमवलेला निधी जास्तीत जास्त जणांमध्ये वाटावा आणि तो शिक्षणशुल्कापुरताच द्यावा, असे मत मागील बैठकीत पडले. मला ते पटलेले नाही.

मी मूळची केज तालुक्यातली. १९९४ साली तेव्हाच्या औरंगाबादेत शिकायला गेले, तेव्हा फी माफ झाली होती; घोर होता तो दर महिन्याच्या मेसच्या बिलाचा. गावाकडच्या एका सद्गृहस्थांची ३०० रुपयांची मनिऑर्डर दरमहा न चुकता येत असे, म्हणून मी पदवीपर्यंत पोहोचले. माझ्या खोलीत राहणारी परभणीकडची मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती, पण त्या वर्षी घरचा कापूस हाती लागला नाही आणि दिवाळीला गावी गेलेली ती परत आलीच नाही. तिची फीसुद्धा माफच होती.

आज शिक्षणशुल्काचा बराच भार राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजना उचलतात. २०२४-२५ पासून तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. निर्वाहभत्ताही मंजूर होतो, परंतु तो खात्यात जमा होईपर्यंत कित्येक महिने निघून जातात आणि मेसवाला मात्र पाच तारखेलाच पैसे मागतो. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी ठरलेली होती. पुढचा महिना कसा निघेल ही चिंता मिटली की विद्यार्थी ग्रंथालयात बसू शकतो. म्हणून माझा आग्रह असा की थोडेच विद्यार्थी निवडावेत, परंतु त्यांना शिक्षण संपेपर्यंत दरमहा रक्कम द्यावी.

कळावे,
निधी समितीची एक सदस्या

---

आदरणीय ताई, नमस्कार.

आपले म्हणणे मला मान्य आहे, पण निवडीच्या वेळापत्रकाबद्दल सांगितलेच पाहिजे. मी धारूरकडचा आहे. आमच्याकडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. आपण अर्ज डिसेंबरात मागवले, तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालायला घरी कोणीच नसते आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच मुलगा कागदांअभावी मागे पडतो. अर्जाची मुदत १५ ऑगस्टच्या आत संपावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्यापैकी अनेकांनी येथील नागरिकत्व घेतले असल्याने आपला पैसा भारतात परकीय अभिदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरतो. अशा देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो आणि स्वीकारणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे पुण्याच्या मोठ्या संस्थेला देणगी द्यायची आणि तिने ती मराठवाड्यातील छोट्या संस्थेला पोहोचवायची, हा मार्ग आता बंद आहे. या कायद्याखाली नोंदणी असलेली आणि विद्यार्थ्यांपर्यंत स्वतः पोहोचणारी संस्थाच शोधावी लागेल. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम मात्र परकीय धरली जात नाही.

सगळाच निधी मासिक रकमेत बांधून टाकू नये, असेही वाटते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन शेतातच कुजले, तेव्हा निवड कधीच संपलेली होती आणि नुकसान झालेल्या घरांतल्या मुलांना काही द्यायचे म्हटले तर निधीत शिल्लक नव्हती. पाचवा हिस्सा अशा प्रसंगांसाठी राखून ठेवावा. आणि धनादेश हाती देऊन विद्यार्थ्यांचे छायाचित्र वार्तापत्रात छापणे आता थांबवावे, ही कळकळीची विनंती. अठरा वर्षांच्या मुलीने आपली गरिबी साऱ्या जगापुढे का मांडावी?

आपला,
मंडळाचा एक सभासद

---

दादा, नमस्कार.

पाचवा हिस्सा राखण्याची सूचना मला मान्य आहे. छायाचित्रांबद्दल तर मी स्वतःच आधी बोलायला हवे होते. १५ ऑगस्टची मुदत धरायची तर अर्जाचा मराठी नमुना मे अखेरीस तयार हवा. तो मी लिहिते. योग्य नोंदणी असलेल्या संस्थांची चौकशी आपण कराल का? ज्या सभासदांचे भारतीय नागरिकत्व कायम आहे त्यांनी समितीला स्वतंत्रपणे कळवावे, म्हणजे दोन्ही प्रकारच्या रकमांचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवता येईल.