कोल्हापुरात हॅश रन सुरू करायची आहे: खुणा, पीठ, वाट आणि बिअर

रंकाळा_साडेपाच
आमचा अठरा जणांचा ग्रुप रविवारी रंकाळ्यावर पळतो. चौघे कायम पुढं, बाकीचे मागं. मागचे पोचेपर्यंत पुढचे गाडीला किक मारून गेलेले असतात. हॅश हाउस हॅरियर्सबद्दल ऐकलंय: माग काढत पळायचं आणि नंतर सगळ्यांनी एकत्र बसून बिअर प्यायची. तसं इथं सुरू करायचं तर खुणा कशा टाकतात, पीठ किती लागतं, वाट कुठली धरावी? ग्रुपमधले निम्मे बिअर पीत नाहीत. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पाणंद
आधी रंकाळा डोक्यातून काढा. हॅशचा सगळा जीव खोट्या वाटांत असतो आणि तळ्याभोवतीच्या गोल वाटेला फाटेच नाहीत. कळंब्याच्या पलीकडं किंवा जोतिबाच्या पायथ्याला बघा, जिथं पाणंदी एकमेकींना मिळतात.

खेळ असा. एक-दोघे ‘ससा’ होऊन पुढं जातात आणि पिठाच्या खुणा टाकत सुटतात. बाकीचे पंधरा मिनिटांनी निघतात. साधारण दर चाळीस मीटरला एक खूण. अर्धा-पाऊण किलोमीटर झालं की पिठाचा गोल काढायचा, त्याला ‘चेक’ म्हणतात. इथं माग तुटतो. पुढची वाट कुठल्याही दिशेला असू शकते, पण पहिली खूण दीडशे मीटरच्या आत हवीच. मग पुढचे चौघे चार फाट्यांवर सुटतात. कुणाला दोन खुणा मिळून तिसरीच्या जागी आडवी रेघ लागते. वाट खोटी, मागं फिरा. ज्याला सलग तीन खुणा घावतात तो ‘ऑन ऑन’ म्हणून आरोळी ठोकतो. तोवर मागचे चालत चालत गोलापाशी आलेले असतात आणि सगळे पुन्हा बरोबर निघतात.

सहा किलोमीटरच्या वाटेवर जोरात पळणाऱ्याचे आठ-नऊ होतात, सावकाश माणसाचे सहाच, आणि शेवटाला दोघं मागंपुढं पोचतात. तुमच्या ग्रुपचं दुखणं नेमकं हेच आहे. त्यावर औषध हा गोल आहे, बिअर नंतरची.

वाट जिला घावली तिनं गोल त्या बाजूनं पायानं फोडायचा आणि पीठ त्या दिशेला ओढून ठेवायचं. सगळ्यात शेवटी येणाऱ्याला मग कुणाला विचारावं लागत नाही, पिठाचं शेपूट बघून तो वळतो. ही एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

नवा ससा हमखास एक चूक करतो. हौसेनं खोटी वाट पाचशे मीटर लांबवतो. पळणारे वैतागतात आणि मागचे गोलावर उभे राहून गार पडतात. खोटी वाट दीड-दोनशे मीटरच्या वर नको.

उद्यमनगर_नाका
पिठाचं मी सांगतो. मैदानावर मारतात ती चुन्याची फक्की अजिबात नको, घामेजल्या हाताला भाजते आणि डोळ्यात गेली तर इजा करते. मैदा पांढराशुभ्र दिसतो, पण वाऱ्यावर उडतो आणि कुत्री चाटून जातात. ज्वारीचं पीठ मुरमाड वाटेवर दिसतच नाही. आपल्याकडं सगळ्यात सोपी पांढरी रांगोळी. वजनदार असल्यानं जागेवर बसते, मुंग्या लागत नाहीत.

हिशेब: सहा किलोमीटरला दर चाळीस मीटरला एक म्हणजे दीडशे खुणा. एका खुणेला पंचवीस-तीस ग्रॅम धरले तर चार-साडेचार किलो, वर गोल आणि खोट्या वाटांना दीड किलो. एकूण सहा. एकट्यानं सहा किलो घेऊन पळू नये. निम्मी पिशवी आदल्या दिवशी मध्यावर एखाद्या ओळखीच्या खोपीत ठेवावी.

आता महत्त्वाचं. तिकटीवर गोल काढू नका. तिकटीवरचा पांढरा गोल बघितला की गावात उताऱ्याचा संशय येतो, त्यात रांगोळीत कुंकू किंवा हळद मिसळलेली असेल तर विचारायलाच नको. गोल तिकटीच्या अलीकडं तीस मीटरवर काढा आणि आदल्या दिवशी पोलीस पाटलांना सांगून ठेवा. अमेरिकेत न्यू हेवनला २००७ साली एका दुकानाच्या पार्किंगमध्ये हॅशवाल्यांनी पीठ टाकलं. लोकांना विषारी पूड वाटली, दुकान रिकामं करावं लागलं आणि खुणा टाकणाऱ्या दोघांना अटक झाली.

ऊस तुटलेला असला तरी रानातून वाट काढू नका. खोडव्याचे कोंब पायाखाली मोडतात आणि पाचटात घोणस असू शकते. पाणंद आणि कालव्याची कड यावरच राहा. मोटारीच्या वायरी जिथं आडव्या पडलेल्या असतात तिथं पळत जायचं नाही. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो, म्हणून संध्याकाळी पळणार असाल तर साडेचारला सुटा.

गंगावेस_कट्टा
बिअरचं. महाराष्ट्रात बिअरला वय २१ पूर्ण लागतं, परवाना लागतो आणि उघड्यावर पिणं गुन्हा आहे. माळावर डबे फोडायचं मनातही आणू नका. पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर तर नाहीच, तिथं पिणं आपल्यापैकी कुणालाच सहन होणार नाही. वाट अशी आखा की शेवट परमिट रूमच्या जवळ होईल, आणि ड्राय डे आधी बघून घ्या.

आधी प्रत्येकानं अर्धा लिटर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, मग बिअर. घाम गेलेल्या अंगाला बिअर लवकर चढते. शिवाय इथं सहज मिळते ती ८ टक्क्यांची स्ट्राँग, ६५० मिलीची बाटली. त्यात ५२ मिली अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये साडेसोळा. एक बाटली म्हणजे तीन कॅन, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. गाडी चालवायची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. पिणाऱ्यांच्या चाव्या न पिणाऱ्यांकडं द्या.

‘डाउन-डाउन’ म्हणजे गोलात उभं करून एका दमात ग्लास संपवायला लावणं. ससा, नवखा, खोटी वाट पकडून सगळ्यांना फिरवणारा, यांचा मान. ग्लासात ताक चालतं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही चालेल, पण पळून आल्यावर लगेच गटागटा पिऊ नका, पोटात गोळा येतो.

पाणंद
ताकाला नियमाची आडकाठी नाही, कारण हॅशला वरती कुणी मालकच नाही. हा प्रकार १९३८ साली क्वालालंपूरला सुरू झाला. सेलंगोर क्लबच्या जेवणघराला तिथल्या बेचव जेवणामुळं ‘हॅश हाउस’ म्हणायचे, तेच नाव पडलं. सुरू करणाऱ्यांतले गिस्पर्ट १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत मारले गेले, युद्धानंतर मित्रांनी पुन्हा पळायला सुरुवात केली. १९५० साली नोंदणी करताना जे उद्देश लिहिले त्यात बिअरची तहान लावून ती भागवणं आहेच, पण वय झालेल्या सभासदांना ‘वाटतं तेवढं तुमचं वय झालेलं नाही’ हे पटवणंही आहे. २००२ ला गोव्यात जगभरचे हॅशवाले जमले होते. बाहेरगावी गेलात तर तिथल्या हॅशला नुसते जाऊन उभे राहा, पाहुण्याला घेतात.

रंकाळा_साडेपाच
खूप आभार सगळ्यांचे. पावसाळ्यात काय करायचं? जुलैत रांगोळी दहा मिनिटं टिकणार नाही.

उद्यमनगर_नाका
जुन्या पांढऱ्या धोतराच्या बोटभर रुंद पट्ट्या, कमरेच्या उंचीला फांदीवर सैल गाठ मारून. गोलाच्या जागी तीन पट्ट्या एकत्र. दीडशे बांधल्या तर दीडशे परत आल्या पाहिजेत, म्हणून शेवटी चालणारा एक जण ठरवून ठेवा. तोच सुटतानाची डोकी आणि पोचतानाची डोकी मोजेल.