रने क्लेअरचा 'ल मिलियों': बोलपट काढला, पण बोलण्याचं वावडं?

तिसरी घंटा: १९३१चा हा फ्रेंच विनोदी चित्रपट पुन्हा पाहिला. कर्जबाजारी चित्रकार मिशेलला लॉटरी लागते, पण तिकीट कोटाच्या खिशात आणि कोट भलत्याच्याच अंगावर. मूळ नाटक. दिग्दर्शक क्लेअरने संवाद छाटून जागोजागी गाणी पेरली. उधारी वसूल करायला आलेले दुकानदारसुद्धा गातात! मूकपटातून आलेल्या या माणसाचं ध्वनीशी काही जमलं नाही, असं माझं मत. पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक लुबिचने 'ट्रबल इन पॅरडाइज'मध्ये दोन चोरांना जेवायला बसवून नुसत्या बोलण्यातून हशा काढला.

मागची रांग: साफ असहमत. ऑपेराच्या रंगमंचावर कोटासाठी झोंबाझोंबी होते तेव्हा ऐकू काय येतं? रग्बीच्या मॅचचा गलका आणि रेफ्रीची शिट्टी! कोट हातोहात पळवला जातोय आणि खेळ वेगळाच ऐकू येतोय. मूकपटात हे कुठून आणणार? १९२९मध्ये 'ब्रॉडवे मेलडी' या हॉलिवूडच्या बोलपटातली एक जागा क्लेअरने वाखाणली होती: पडद्यावर खिडकीतल्या नायिकेचा चेहरा, आणि मोटारीचं दार आपटल्याचा व मोटार निघून गेल्याचा फक्त आवाज. ध्वनी कुठे वापरायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिसरी घंटा: रग्बी झकास, पण ती करामत झाली. नेपथ्यकार मीर्सनच्या देखाव्यांपुढे जाळीचं कापड ताणून क्लेअरने भिंतीसुद्धा हलक्या केल्या, तिथे माणसांचं काय! मिशेलला तिकीट मिळो न मिळो, मला घोर लागत नाही.

उशिरा आलेली: युगुलगीत विसरलात? मिशेलवर रुसलेली त्याची प्रेयसी बेआत्रीस आणि मिशेल ऐन प्रयोगात देखाव्याआड अडकतात. पुढे एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गलेलठ्ठ गायक प्रेमगीत आळवतायत, वरून कागदी पाकळ्या पडतायत, आणि मागे हे दोघं एक अक्षर न बोलता त्याच गाण्यावर विरघळतात. इथे एक संवाद घातला असता तरी माती झाली असती. मला तर तिथे घोर लागला बुवा.

तिसरी घंटा: म्हणजे शब्दांवाचून अडलंच की! फक्त ते उसने आणले.

मागची रांग: आणि लुबिचच्या त्या जेवणात? चोरलेलं पाकीट, ब्रोच, घड्याळ एकेक करून परत येतं म्हणून हसतो आपण. तेच संवाद डोळे मिटून ऐका, मग बोलू.