उपवास एकट्याचा की गावाचा? 'एकांत' यांच्या पोस्टला उत्तर

विहिरीचा काठ

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, रात्री 'एकांत' यांनी या धाग्यावर लिहिलं की उपवास हा माणूस आणि देव यांच्यातला मामला आहे. पहाटेची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांवर थांबत केलेली प्रार्थना), एका रंगाचे टी-शर्ट घालून काढलेली पदयात्रा, मुलांना वाटलेली त्यागाची कार्डं, शुक्रवारची सामुदायिक पेज हे सगळं धर्मग्रामाने, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजाने, बंद करावं, कारण येशूनेच सांगितलंय: उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. यंदा चाळीस दिवस आपण चर्चच्या एकाही कार्यक्रमाला जाणार नाही, हेही त्यांनी जाहीर केलं. खाली 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग लागली.

बुधवारपासून तीनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. आता पुसत नाही.

येशूचे हे शब्द असलेला मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय राखेच्या बुधवारी वाचतात, बरोबर. पण त्याच मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्याच्या आधीचं पहिलं वाचन कुठलं होतं? जुन्या करारातला योएल संदेष्टा. सियोनात शिंग फुंका, उपवास नेमा, लोकांना जमवा, म्हाताऱ्यांना आणा, अंगावर पिणारी पोरं आणा, नवरदेवाला त्याच्या खोलीतून बाहेर काढा. इतकं स्पष्ट आहे. ही दोन वाचनं एकाच सकाळी ज्यांनी ठेवली त्यांना दोन्हींतला ताण दिसला नसेल का? दिसला म्हणूनच ठेवली. दिखावा करू नकोस हे येशूने सांगितलं, आणि एकट्याने करू नकोस हे योएलने. अर्धी मिस्सा ऐकून आपण नियम बनवायचा नसतो.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात हेच म्हटलंय: प्रायश्चित्तकाळातलं प्रायश्चित्त केवळ आतलं आणि वैयक्तिक नसावं, बाह्य आणि सामाजिकही असावं. म्हणजे ही आपल्या वसईच्या फादरांची हौस नव्हे.

आता घरचं सांगतो. माझे वडील आणि माझे काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण बांध. दोन हात जमीन इकडे की तिकडे. मधली विहीर सामाईक, तर दोघांनी पंपाच्या वेळा वाटून घेतल्या होत्या, समोरासमोर यायला नको म्हणून. आमच्या आळीत उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट घरोघर फिरायची. चौदा स्थानं, चौदा अंगणं. लाकडी क्रूस एका घरच्या माणसाने पुढच्या घरच्या माणसाच्या हाती द्यायचा. सहावं स्थान आमच्याकडे, सातवं काकांकडे. दरवर्षी आमच्याकडून क्रूस मी न्यायचो, काकांकडे माझा चुलतभाऊ घ्यायचा. एका वर्षी मला ताप होता. वडिलांनी क्रूस उचलला. चुलतभाऊही कामावर होता. काका पुढे आले, क्रूस घेतला. कुणी काही बोललं नाही. लोक गुडघ्यावर होते, कोणीतरी स्थानाची प्रार्थना वाचत होतं.

त्या रात्री समेट झाला असं मी म्हणणार नाही. बांध अजूनही तिथेच आहे. पण पुढच्या आठवड्यात काकांनी आमच्या पोराकरवी निरोप पाठवला, पंप बिघडलाय, बघून जा म्हणावं. वडील गेले. घरात दार लावून केलेल्या उपवासाने माझ्या वडिलांना त्या अंगणात कधीच नेलं नसतं. ते अकरा वर्षं घरात उपवास करतच होते की.

एकांत

उत्तर दिल्याबद्दल आभार. तुमच्या काकांची गोष्ट दोनदा वाचली. योएल मीही त्या दिवशी ऐकला, मागच्या बाकाजवळ उभी राहून, कारण रात्रपाळी करून विरार लोकलने थेट चर्चला आले होते. मी परिचारिका आहे. त्यामुळे 'घरात बसून सोयीचा धर्म' हा शिक्का माझ्यावर कृपया मारू नका.

तुम्ही गावाचं चांगलं रूप सांगितलंत. मी दुसरं सांगते. माझी आई डायलिसिसवर होती, वय ६७. डॉक्टरांनी रोज अंड्याचा पांढरा भाग खायला सांगितला होता. शुक्रवारी शेजारीण आली, तिने ताट बघितलं. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार बायकांत विषय: उपवासकाळात अंडी चालतात यांच्याकडे. आईच्या कानावर आलं. त्यानंतर ती शुक्रवारी अंड्याला हात लावीना. मी ओरडले, रडले, फादरांना घेऊन आले. अंडं मांसात मोडतच नाही, पोप सहाव्या पॉल यांच्या १९६६ च्या नियमातच तशी मोकळीक आहे, शिवाय आजाऱ्यांना सगळीच सूट. फादरांनी प्रेमाने समजावलं. तिने मान हलवली आणि खाल्लं नाही. पुढच्या वर्षीचा राखेचा बुधवार तिने पाहिला नाही. अंड्यामुळे गेली असं मी म्हणत नाही, मला आजार कळतो. पण शेवटच्या चाळीस दिवसांत तिला देवापेक्षा आवारातल्या बायकांची भीती जास्त होती. तुम्ही म्हणता तो 'सामाजिक उपवास' मी पाहिलाय.

आणि कार्डं. माझी मुलगी नऊ वर्षांची. चॉकलेट सोडलं की एक चौकोन रंगवायचा, क्रुसाच्या वाटेला आली की शिक्का. सगळे चौकोन भरले की ईस्टरला बक्षीस. हे प्रायश्चित्त आहे की हजेरीपट?

सुकेळी

अंड्याचा विषय निघालाच आहे तर माशाचंही होऊन जाऊ द्या. वर्षानुवर्षं डोक्यात आहे. शुक्रवारी मटण नको म्हणून आमच्या घरात पापलेट. कोंबडी परवडते, पापलेट परवडत नाही, तरी शुक्रवारी पापलेट, कारण 'मांस वर्ज्य'. शेजारची ताई म्हणते तसं, एकादशी आणि दुप्पट खाशी. मजुराच्या घरी कोंबडीचा रस्सा झाला तर पाप, आणि बंगल्यात सुरमईचा तुकडा तळला तर पुण्य? हा कुठला त्याग?

पाचूबंदरची

सुकेळी, आधी वटवट थांबवा. 'मासे म्हणजे चैन' हे बोलणारे सगळे वाडीतले, ज्यांच्या परसात केळी आणि दारात भाजी. आम्हा कोळ्यांच्या घरी बोंबील ही भाजी आहे. जवळा, मांदेली, करंदी हे आमचं रोजचं. तुमचा पापलेट तुम्ही खाता म्हणून मासा श्रीमंत झाला का?

आणि शुक्रवारचा बाजार आमच्या बायकांचा आधार आहे. उपवासकाळात पाटी लवकर रिकामी होते म्हणून पोरांच्या फिया निघतात. डिझेल, बर्फ, खलाशी यांचा खर्च काढून काय उरतं ते एक दिवस धक्क्यावर येऊन बघा.

सुकेळी

मी कोळ्यांवर बोललोच नाही. खाणाऱ्यांवर बोललो. उगाच अंगावर घेऊ नका.

पाचूबंदरची

खाणाऱ्यांनी बंद केलं की उपाशी कोण राहणार? शुक्रवारी मासा सोडा असा प्रचार करा, तुमचा त्याग होईल आणि माझ्या सासूची पाटी परत येईल. १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी, बोटी किनाऱ्याला. तो आमचा एकसष्ट दिवसांचा उपवास, तुमच्या चाळीसापेक्षा मोठा. तेव्हा आमच्याकडे कोण सामुदायिक पेज घेऊन येतं?

जुना खजिनदार

दोघांनी शांत व्हा. नियम असा: मांसवर्जन चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून, उपवास अठरा ते एकोणसाठ, आणि सक्तीचे उपवास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. मासा या नियमात वर्ज्य नाही. मध्ययुगात युरोपात अंडी, दूध, लोणीसुद्धा बंद असायचं, मासा तेव्हाही चालायचा. तिथे गरिबाच्या वाट्याला खारवलेला मासा यायचा आणि मांस सणासुदीचं. आपल्या किनाऱ्यावर हिशेब उलटा झालाय हे सुकेळींचं म्हणणं मला नाइलाजाने पटतं. पण नियमात चूक नाही, ताटात आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्यागाचे पैसे. कारितास इंडिया या चर्चच्या सेवाभावी संस्थेच्या उपवासकाळातल्या मोहिमेसाठी डब्या वाटतात, लोक भरून देतात. किती जमले, किती पुढे गेले, हे वेदीवरून वाचून दाखवा असं मी एका धर्मग्रामात पालकीय मंडळात (फादरांच्या सल्लागार मंडळात) असताना सुचवलं. 'उजव्या हाताचं डाव्याला कळू नये' असं उत्तर मिळालं. मत्तयचा तो अध्याय दात्यासाठी आहे, खजिनदारासाठी नाही! मी पद सोडलं.

सुकेळी

'नियमात चूक नाही, ताटात आहे.' हेच तर मी म्हणत होतो. मग मला 'वटवट थांबवा' का ऐकवलंत?

पाचूबंदरची

कारण तुम्ही मासा म्हणालात, पापलेट म्हणाला नाहीत. शुक्रवारी पापलेट सोडा, माझी हरकत नाही. बोंबील घ्या, सुका घ्या, वाचलेले पैसे डबीत टाका. एवढं मान्य. याच्यापुढे एक शब्द नाही.

कुवेतवरून

चौदा वर्षं इथे आहे. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आपली रविवारची गर्दी शुक्रवारीच चर्चला असते, आणि मित्रमंडळी बिर्याणीला बोलावतात तीही शुक्रवारीच. एकट्याने हा दिवस पाळून बघा. मी पहिली तीन वर्षं पाळला नाही, खरं सांगतो. खोलीत सहा जण, कुणाला काय सांगणार? मग वसईची पाच कुटुंबं मिळाली. एका फ्लॅटमध्ये दार लावून, आवाज खाली ठेवून मराठीत क्रुसाची वाट सुरू केली. नंतर पेज, लोणचं, सुका जवळा. पहिल्यांदा मराठीतली प्रार्थना ऐकली तेव्हा एक दांडगा क्रेनचालक लहान मुलासारखा रडला होता. एकांत ताई, तुमच्या आईचं वाचून फार वाईट वाटलं. पण ज्याच्याजवळ आवारच नाही, त्याला आवाराची किंमत कळते.

एकांत

कुवेतच्या दादा, तुमच्या फ्लॅटमध्ये मी आले असते. का, ते सांगते. तिथे कुणी कुणाचं ताट मोजत नव्हतं. तुमचं दार बंद होतं, माईक नव्हता, टी-शर्ट नव्हता. तुम्ही नकळत माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

विहिरीचा काठ

नाही ताई. दार बंद होतं ते परक्या देशात होतं म्हणून. आत मात्र पाच कुटुंबं होती. पाच! तुम्ही लिहिलं होतं 'माणूस आणि देव'.

पण कार्डांबाबत मी हरलो. दोन दिवस उत्तर शोधलं, सापडलं नाही. माझ्या नातवाने काल विचारलं, 'आजोबा, मी चॉकलेट खाल्लं, पण चौकोन आधीच रंगवून टाकला, आता?' नऊ वर्षांच्या पोराला आपण खोटं लिहायला शिकवतोय. हे मी फादरांना जाऊन सांगणार आहे, धाग्यावर मांडून थांबणार नाही. माईकचंही सांगेन. पहाटे साडेपाचला आमच्या आळीत क्रुसाची वाट माईकवर निघते, तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमध्ये तुमच्यासारख्याच रात्रपाळीच्या मुली नुकत्या झोपलेल्या असतात. यंदा रमजानही त्याच दिवसांत आलाय. ते लोक पहाटे उठून आवाज न करता सहेरी करतात, आणि आपण स्पीकर लावतो.

आईच्या बाबतीत मात्र एक विचारतो, राग मानू नका. त्या शेजारणीने जे केलं ते गावपण होतं असं तुम्ही म्हणता. मला ते गाव तुटल्याचं लक्षण वाटतं. ती आवारात बोलली, तुमच्या आईशेजारी बसून बोलली नाही. धर्मग्राम खरोखर जिवंत असता, तर फादरांच्या आधी त्याच बायकांनी आईला अंडं भरवलं असतं.

एकांत

जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय मलाही पाठ आहे: भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे, हाच मला पसंत असलेला उपवास. ती भाकर आमच्या घरी कुणी आणली नाही. 'खरोखर जिवंत असता तर' हे मी गेली चार वर्षं ऐकतेय. ज्या दिवशी होईल त्या दिवशी कळवा.

जुना खजिनदार

आणि डब्यांचे आकडे?

पाचूबंदरची

आकडे मागा, जरूर मागा. आमच्या कोळीवाड्यातली डबी आम्ही सगळ्यांसमोर फोडतो, मोजतो, वहीत लिहितो, मगच चर्चला देतो. बायकाच मोजतात. आजवर कुणाचं पुण्य कमी झालं नाही.

एकांत बाय, मी तुला ओळखत नाही. माझ्या सासूलाही डायलिसिस आहे, मंगळवार आणि शनिवार. शुक्रवारी मी तिला अंडं देते, पांढरं, मिरपूड टाकून. गेल्या आठवड्यात क्रुसाची वाट आमच्या ओट्यावर आली तेव्हा ती सगळ्यांसमोर खात होती, तिची वेळ झाली होती म्हणून. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

एकांत

तुमचं आठवं स्थान कधी असतं, किती वाजता? यरुशलेमच्या स्त्रिया रडतात ते. आईचं आवडतं होतं. पाळी बदलून मिळाली तर येईन. प्रार्थनेला येईन, पेजेला थांबणार नाही.

पाचूबंदरची

शुक्रवारी, साधारण साडेसात, माझ्या जावेच्या अंगणात. माईक नाही.

सुकेळी

मी येऊ शकतो का? येताना काही आणणार नाही, पापलेट तर नाहीच.

पाचूबंदरची

या. पण पेज संपेपर्यंत थांबायचं आणि भांडी घासायची.